डबल बेल : पाच माणसं, अडीच तिकिटं

या महिन्याच्या टपालात आठ पत्रं आली आणि त्यातल्या पाचांत एकच तारीख : २६ जानेवारी. यंदा ती सोमवारी येते, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग. सगळ्यांना कुठं ना कुठं जायचं आहे आणि सगळ्यांच्या घरात लहान पोट्टे आहेत. मी एकतीस वर्षं एसटीत घंटी वाजवली म्हणून लोकांना वाटतं, याला जगाचं वेळापत्रक पाठ असेल. तसं काही नाही. मला यवतमाळकडच्या रस्त्यांची वळणं पाठ आहेत, आणि कोणत्या वळणावर कोणतं पोरगं काय करतं, ते पाठ आहे. त्या जोरावर उत्तरं देतो. तीनच पत्रं घेतली आहेत. पहिलं लांबलं, कारण ते बाकीच्या सगळ्यांचंही आहे.

प्रश्न : काका, आमचं गाव घाटंजी तालुक्यात. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. मुलगी चार वर्षांची. सासूबाई अडुसष्टच्या, गुडघे दुखतात. कापूस विकून हातात थोडे पैसे आले आहेत आणि मुलांनी मोठं शहर अजून पाहिलंच नाही. २४, २५, २६ असे तीन दिवस काढले आहेत. दीर म्हणतात, जायचंच तर मुंबई करा, नागपुरात काय आहे? स्वतःची गाडी नाही. मुलीला एसटी लागते. नणंद नागपूरला राहते, तिच्याकडे उतरावं का? मला सगळं नीट जमवून सांगा. – एक वाचक भगिनी, ता. घाटंजी

उत्तर : ताई, आधी दिरांचं मिटवू. घाटंजीहून यवतमाळ, यवतमाळहून धामणगाव, तिथून रात्रीची रेल्वे. नागपूर-मुंबई रेल्वेचं अंतर ८३७ किलोमीटर. धामणगावला चढलात तर त्यातले सव्वाशेक कमी करा. तीन दिवसांतल्या दोन्ही रात्री रुळावर, आणि मधल्या उरलेल्या वेळात चार वर्षांच्या पोरीला समुद्र, लोकल आणि राणीच्या बागेतले पेंग्विन. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. सुट्या जोडून आल्या की ते पहिल्या दोन-चार दिवसांतच वेटिंगवर जातं. शिवाय फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय वर्षात ज्या चार दिवशी बंद असतं, त्यात २६ जानेवारी आहे. दीर एकटे गेले असतील पाठीवर बॅग टाकून, त्यांचं बरोबर आहे. तुम्ही मुंबई उन्हाळ्याच्या सुटीत करा, आठ दिवस हातात घेऊन.

आता 'नागपुरात काय आहे?' हा प्रश्न मोठ्या माणसाचा आहे. पोरांचं नागपूर वेगळं असतं, हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही निवृत्त झाल्यावर. नातू आणि नात, दोघांना घेऊन आम्ही दोघं गेलो होतो. मी डायरीत सात ठिकाणं लिहिली होती, वेळेसकट. सवय जात नाही. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात सरकत्या जिन्यापाशी आलो आणि नात जी थांबली ती हलेचना. भीतीनं नाही. खाली बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि जिथं जमिनीतल्या लोखंडी फणीतून पायरी बाहेर निघते तिकडं टक लावून पाहत राहिली. सपाट पट्टी निघते, पुढं सरकते आणि सरकता सरकता उंच होऊन पायरी बनते. "आबा, ही आत किती ठेवल्यात?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याच फिरून फिरून येतात. ते तिला पटलं नाही. मागं माणसं खोळंबली, तिथल्या सुरक्षारक्षकानं आम्हाला बाजूला घेतलं. आमच्या मंडळींनी तर पदर खोचून साफ सांगितलं, मी यावर पाय ठेवणार नाही. मग लिफ्ट. लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली, पुन्हा वर. सहा फेऱ्या मी मोजल्या. सातांपैकी दोनच ठिकाणं झाली त्या दिवशी. गावी आल्यावर शेजारणीनं विचारलं, काय पाहिलं गं नागपूरला? तर म्हणे, जमिनीतून निघणारी पायरी.

म्हणून माझं म्हणणं असं, की दिवसाला एकच ठिकाण ठरवा. दुसरं झालं तर वरकड.

आता तारखा. तुम्ही शनी-रवी-सोम म्हणता, मी शुक्र-शनी-रवी म्हणतो. महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय, अजब बंगला म्हणजे तिथलं जुनं वस्तुसंग्रहालय, गोरेवाड्याची सफारी, या तिघांचीही साप्ताहिक सुटी सोमवारी. पोरांच्या कामाचं निम्मं नागपूर त्या दिवशी कुलपात. दुसरं, २६ला सकाळी शाळेत झेंडावंदन. तुमचा मुलगा दुसरीत आहे म्हणजे लेझीम नाहीतर समूहगीत, कशात तरी त्याचं नाव असणारच, आणि नसलं तरी खाऊ असतो. शुक्रवारची शाळा आणि शनिवारची अर्धी शाळा बुडेल. गुरुजींना आधी सांगून बुडवा, झेंडावंदन बुडवू नका. आणि तिसरं माझ्या खात्यातलं : सोमवारी संध्याकाळी नागपूरहून निघणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. रविवारी दुपारची त्यामानानं बरी.

यात एकच गोष्ट हुकते. सीताबर्डीचा किल्ला सैन्याकडे आहे आणि तो लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. एवढ्या लहान पोरांना त्याचं काही नाही, पण मालकांना पाहायचा असेल तर पुढं कधीतरी. १ मेचं मात्र मनात आणू नका. यंदा तो शुक्रवारी येतो, पुन्हा सुट्या जोडून. पण मे महिन्यात पोरं घेऊन नागपूरला जा, असं मी वैऱ्यालाही सांगणार नाही.

तिकिटाचा हिशेब सोपा आहे. मालकांचं पूर्ण. तुमचं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. सासूबाईंचंही अर्धं, त्या बाई म्हणूनही बसतात आणि पासष्टच्या वरच्या म्हणूनही, पण दोन सवलती मिळून फुकट होत नाही. बऱ्याच आज्या यावरून माझ्याशी भांडल्या आहेत. फुकट पंचाहत्तरनंतर. मुलगा पाच ते बाराच्या आत, अर्धं. मुलगी पाचच्या आत, तिकीट नाही. पाच माणसं, अडीच तिकिटं. सासूबाईंचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

आता गाडी लागण्याचं. या विषयात मी डॉक्टरकी करू शकतो. गावात मुक्कामाला असलेली गाडी पहाटे सुटते, ती धरा. गारवा असतो, पोर अर्धवट झोपेत असतं. चालकाच्या मागच्या तीन-चार रांगांत बसा. मागच्या चाकावरची आणि त्याच्या मागची बाकं झोपाळ्यासारखी हलतात. तिथं धडधाकट माणसाचंही पोट ढवळतं. रिकाम्या पोटी नेऊ नका, भरल्या पोटीही नेऊ नका : अर्धी कोरडी पोळी. दूध नाही, क्रीमचं बिस्कीट तर अजिबात नाही. आणि मोबाइल हातात देऊ नका. डोळे एका जागी खिळलेले आणि अंग हलतंय, याचा मेळ लागत नाही म्हणून तर उलटी होते. खिडकीतून लांबचं दाखवा, तुरीची रास, खळ्यावरचं थ्रेशर, काहीही.

उलटी अचानक होत नाही, ताई. ती सांगून येते. बडबडं पोर गप्प होतं. मग जांभया देतं. ओठ पांढरे पडतात, थुंकी गिळत राहतं. जांभई दिसली की पिशवी उघडून हातात घ्यायची; एकात एक घातलेल्या दोन, आणि त्या वरच्या रॅकवर नव्हे, तुमच्या मांडीवर. मी तिकिटांच्या पेटीशेजारी एका डब्यात चुलीची राख ठेवायचो. तेवढी राख टाकली की वास मरतो आणि त्या आईचं कानकोंडं होणंही थांबतं. गोळी द्यायचीच असेल तर तुमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका.

गाडी जिथं दहा मिनिटं थांबेल तिथं पोरांना लागली नसली तरी न्यायचंच. पण वाहकाला सांगून उतरा. आतली गोष्ट सांगतो : आम्ही गाडी सोडताना डोकी मोजतो ती तिकिटांशी जुळवायला. तिकीट नसलेलं पोर त्या हिशेबात कुठंच नसतं. तुमची चार वर्षांची वाहकाच्या कागदावर नाहीच.

नणंदेचं. तिच्याकडे जेवायला जा, उतरू नका. शहरातलं घर दोन खोल्यांचं, तिच्या पोरांच्या शिकवण्या, तिची सकाळची घाई. पाच माणसं उतरली की तिचे तीन दिवस पोळपाटाशी जातात आणि तुमचे तीन दिवस तिला मदत करण्यात. मात्र सासूबाईंना तिच्याकडे ठेवा. त्यांची ती लेक आहे. लेकीकडे दोन रात्री निवांत राहतील, गुडघ्यांना आराम, आणि एक दिवस तुमच्यासोबत फिरतील. तुरीचे सोले आणि हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी न्या. जानेवारीत नागपूरच्या माणसाला याहून मोठा आहेर नाही. तुम्ही चौघं गणेशपेठ बसस्थानकाच्या किंवा सीताबर्डीच्या आसपास लॉज बघा. फोनवर तीन गोष्टी विचारा : लिफ्ट आहे का, गरम पाणी किती ते किती, आणि खिडकीला गज आहेत का. तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही. अंगणात वाढलेल्या पोराला तिसरा मजला म्हणजे काय, हे माहीत नसतं; ते खिडकीवर तसंच चढतं जसं ओट्यावर चढतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत पोचाल. जेवून पोरांना झोपवा. मग रमण विज्ञान केंद्र. गणेशपेठेहून जवळ, गांधीसागर तलावासमोर. १९९२ साली उघडलं. पोरं दाबून, ओढून, फिरवून पाहतात आणि कोणी ओरडत नाही, हे तिथलं मोठं सुख. बाहेर आवारात डायनासोर उभे आहेत. मुलगी त्यांच्यापाशीच रमली तर आत न्यायची घाई करू नका. तारांगण १९९७ पासून आहे. तिथं काळोख होतो, तेव्हा चार वर्षांच्या मुलीला घेऊन दाराजवळ बसा, म्हणजे रडली तर कोणाच्या पायावर पाय न देता बाहेर येता येईल. आमच्या नातवाला तारांगणाचं फारसं कौतुक वाटलं नाही. एवढे तर आपल्या अंगणातून दिसतात, म्हणाला. खरंच होतं ते. नागपूरच्या पोरांना तिकीट काढून पाहावे लागतात.

शनिवार मेट्रोचा. सासूबाईंना याच दिवशी घ्या. कॉटन मार्केट स्टेशनात बसा, पुढचंच सीताबर्डी, तिथं गाडी बदलायची : ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी. सरकता जिना आणि लिफ्ट यांच्यासाठी अर्धा तास वेगळा धरून ठेवा, माझ्यासारखं करू नका. पुढं गड्डीगोदाम येतं. तिथं मुलाला खिडकीशी उभं करा. सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. खालून मालगाडी जात असली तर तुमचं नशीब. मग कडबी चौकात उतरा. जवळच मोतीबागेत नॅरो गेज रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ सालचं. अडीच फुटी रूळ, वाफेची इंजिनं, जुने डबे. सासूबाई यवतमाळकडच्या असतील तर त्यांना शकुंतला आठवेल. यवतमाळ-मूर्तिजापूर याच अडीच फुटी रुळावर चालायची, आणि १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. माझी पहिली रेल्वे तीच. चढावर ती इतकी हळू चालायची की टारगट पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची, असं आमच्याकडे सांगतात. मी तोडली नाहीत, पण खाल्ली आहेत. त्या दिवशी आजीला बोलू द्या. माहितीच्या पाट्या तुम्ही वाचून दाखवण्यापेक्षा आजीनं सांगितलेलं पोरांच्या डोक्यात जास्त राहील.

एकच्या आत खोलीवर परत. दुपारी दोन तास झोप, पोरांची आणि तुमची. बहुतेक घरं इथंच चुकतात : एवढे पैसे मोजून आलो तर झोपायचं कशाला? मग पाच वाजता भर बाजारात पोरगी लोळण घेते आणि नवरा-बायको एकमेकांवर डाफरतात. संध्याकाळी लोकमान्य नगरकडच्या मेट्रोत बसून शेवटपर्यंत जा आणि त्याच वाटेनं परत या. कुठं उतरायचं नाही. वाटेत अंबाझरी तलाव दिसतो, जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, वेळ साधली तर पाण्यावर दिसेल.

रविवारी सकाळी महाराजबाग, दुपारच्या आत बसस्थानक. सासूबाईंना टेकडीच्या गणपतीला जायचं असेल तर मालकांनी त्यांना सकाळी लवकर नेऊन आणावं. ते रेल्वे स्टेशनच्या बाजूलाच आहे.

गोरेवाडा मी मुद्दाम घातलं नाही. सफारी छान आहे, बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं दिसतात. पण ते शहराच्या एका टोकाला, आणि तुम्ही घाटंजीचे. टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य तुमच्या बांधाला लागून. तुमच्या पोरांनी वाघाचं नाव कौतुकानं नाही, कापूस वेचायला जाताना ऐकलेलं असतं. त्याच टिपेश्वरात जन्मलेला एक वाघ २०१९ साली गळ्यात पट्टा घेऊन सुमारे १३०० किलोमीटर चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. जोडून आलेल्या सुटीत गर्दी टाळून प्रवास करणारा एवढा एकच प्रवासी मला माहीत आहे.

खाण्याचं फार लिहीत नाही. पोह्यांवर तर्री वेगळ्या वाटीत मागा. पोरांना साधे पोहे. सावजी पोरांपुढं नेऊच नका. संत्रा बर्फी परतीच्या दिवशी घ्या, आधी घेतली तर घरापर्यंत पोचत नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी मला रात्री आजही मध्येच जाग येते. आमचा मोठा सहा वर्षांचा असताना गणेशपेठच्या स्थानकावर हरवला होता. मी, वाहक, चौकशीच्या खिडकीत ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत होतो. चूक सगळी माझी. वीस मिनिटं. मी सगळे फलाट पालथे घातले, त्याची आई एका जागी उभी राहून थरथरत होती. सापडला कुठं? आम्ही ज्या गाडीतून आलो होतो तिच्यात, आमच्याच बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला. मी घरात नेहमी म्हणायचो, माणूस चुकला तर गाडीजवळ यावं. त्यानं गाडीचा नंबर पाठ केला होता. पण ती गाडी एवढ्यात सुटली असती तर? म्हणून तुम्ही पोरांना असं सांगू नका. एवढंच सांगा : हरवलास तर जिथं आहेस तिथंच उभा राहा, आम्ही येतो. पुन्हा पुन्हा सांगा, निघायच्या आधी आठ दिवस. मुलीच्या हातावर, मनगटाच्या वर, बॉलपेननं तुमचा फोन नंबर लिहा आणि आंघोळीनंतर पुन्हा लिहा. खिशातली चिठ्ठी पोरं काढून फेकतात. लॉजमधून निघताना रोज दोघांचा एक फोटो काढा, म्हणजे त्या दिवशी कोणते कपडे घातले होते हे घाबरल्यावर आठवत बसावं लागत नाही. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

स्वेटर न्या. पहाटेच्या गाडीच्या खिडक्या पूर्ण कधीच बंद होत नाहीत.

प्रश्न : आम्ही कारंजा (लाड) जवळचे. नवीन चारचाकी घेतली. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. शनिवारी समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला जाऊन सोमवारी परत, यात वेरूळ-अजिंठा दोन्ही बसेल का? – एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : भाऊ, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळे दोन्ही करायचीच तर रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ, अशी बसतात. पण बसवू नका. अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर, वर पायऱ्या, आत मंद उजेड आणि भिंतीवरची चित्रं. सहा वर्षांचं पोर तिसऱ्या लेण्यात 'घरी कधी?' म्हणणार. वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. तिथलं एकट्या कैलासाचं, म्हणजे सोळा नंबरचं लेणं घ्या. अंगणात खऱ्या मापाचे हत्ती आहेत. पोरांना तिथं उभं करून एवढंच सांगा, की हे खालून वर बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलं आहे. नऊ वर्षांचा त्यावर तासभर प्रश्न विचारील.

रविवार शहरात काढा. बीबीचा मकबरा पटकन होतो. पाणचक्कीपाशी थांबा : लांबच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवायचे. पिठाची गिरणी विजेशिवाय, हे पोरांना लगेच कळतं. देवगिरीचा किल्ला निम्माच चढा. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, नऊ वर्षांच्याला बापानं न्यावं, धाकट्यानं आईसोबत खाली तोफा पाहाव्या.

समृद्धीबद्दल. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. ना चौक, ना टपरी, ना आडवी येणारी म्हैस, आणि हाच त्याचा धोका. आमच्या चालकांना खड्डे जागं ठेवायचे. इथं डोळा लागतो. कारला १२०ची मुभा आहे म्हणजे १२०नं चालवलंच पाहिजे असं नाही, आणि तुमचा हात अजून नवा आहे. टायरची हवा आणि घासलेपण आदल्या दिवशी तपासा. दीड तासानं पेट्रोल पंपावर थांबा, पोरांना दहा मिनिटं पळू द्या. पाणी आणि डबा घरून घ्या. दोघं पोरं मागं, दोघांनाही पट्टा. धाकट्याला पुढं मांडीवर घेतलेलं मी ऐकलं तर पुढच्या पत्राला उत्तर देणार नाही.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा व्हायला नेमके अकरा दिवस कमी आहेत आणि आम्ही नागपूरला निघालो आहोत. अंगानं थोराड आहे, सहाचा दिसतो. तिकीट काढावं का? उगाच वाद नको. – एक पालक, ता. उमरखेड

उत्तर : काढू नका. पाच पूर्ण होईपर्यंत लागत नाही, मग अंगानं कितीही असो. त्याचं आधार कार्ड जवळ ठेवा, तारीख दाखवा, विषय संपला. वाहक विचारील ते तुम्हाला नाही, त्याला विचारील. आम्ही वय विचारत नाही, 'कितवीत आहेस रे?' असं विचारतो. त्यानं तोऱ्यात 'पहिलीत' म्हटलं तरी घाबरू नका, कार्ड दाखवा.

वाद झालाच तर पोराकडून होईल. सगळ्यांना तिकीट आणि मला का नाही, म्हणून मागच्या बाकावर भोकाड पसरणारी कितीतरी पाहिली. मशीन आल्यावर मी कागदाच्या रोलचं कोरं शेपूट फाडून द्यायचो. ते पोर उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवायचं, घामानं लगदा होईपर्यंत. तुमच्या वाहकाला मागून पाहा, बहुतेक देतील. अकरा दिवसांनी मात्र अर्धं.